‘प्रति’च्या पुढे कुणाचं नाव लिहू?

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त आणि मा. निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग,
निर्वाचन सदन, अशोक रोड, नवी दिल्ली.

विषय: लोकप्रतिनिधीची जागा रिकामी झाल्यावर पोटनिवडणूक मुदतीत घेण्याबाबत, कसबा पेठ (विधानसभा मतदारसंघ क्र. २१५) येथील मतदाराचं निवेदन.

महोदय,

पुण्यात कसबा पेठेत, फडके हौदापासून दोन मिनिटांच्या अंतरावर, माझं झेरॉक्सचं आणि अर्ज लिहून देण्याचं दुकान आहे. वडिलांनी ते १९७८ साली सुरू केलं, तेव्हा ते टायपिंगचं होतं. आत एक मराठी रेमिंग्टन आणि एक स्टूल, बाहेर बाकडं. लोक तोंडी सांगायचे, वडील टाइप करायचे. वर चांगला कागद, मग कार्बन, खाली पातळ पिवळट कागद. वरची प्रत अर्जदाराची, खालची दुकानात राहायची. साहेबांकडे कागद हरवला तर माणसाने पुन्हा पहिल्यापासून रडगाणं का गायचं, असं वडिलांचं म्हणणं होतं. आता ते नाहीत. नाडीने बांधलेल्या त्यांच्या फायली पोटमाळ्यावर आहेत आणि पावसाळ्याआधी दरवर्षी मी त्या खाली काढून ऊन दाखवते.

अर्ज रॉकेलचा असो, नळाचा असो, नाहीतर वाड्याच्या पडक्या भिंतीचा, सुरुवात ‘प्रति’ने होते आणि त्यापुढे कुणाचं तरी नाव येतं. मार्च २०२२पासून या शब्दापुढे माझा हात वारंवार अडला. या पत्राचं कारण तेच.

त्या फायली वरपासून खालपर्यंत चाळल्या तर कसब्याचा निवडणुकीचा इतिहासच समोर येतो. १९७८च्या फायलीत ‘मा. आमदार अरविंद लेले’. ते तेव्हा जनता पक्षाचे. १९८०ला तेच नाव, पण पक्ष भाजप, नुकताच जन्मलेला. १९८५ला नाव बदलतं, काँग्रेसचे उल्हास काळोखे. १९९०ला भाजपचे अण्णा जोशी. पुढच्याच वर्षी अण्णा लोकसभेला उभे राहिले आणि विठ्ठलराव गाडगिळांना हरवून दिल्लीला गेले. गाडगीळ १९८०पासून सलग पुण्याचे खासदार होते. वडिलांच्या फायलींत त्यांच्या नावाचे अर्ज ढिगाने सापडतात, कारण त्या काळी गॅसच्या जोडणीला आणि टेलिफोनला खासदाराची शिफारस लागे. १९९१च्या फायलीत मात्र एक गंमतीचा बदल दिसतो. आधीच्या अर्जांत ‘मा. आमदार अण्णा जोशी’, नंतरच्या अर्जांत ‘मा. खासदार अण्णा जोशी’. आणि अण्णा दिल्लीला गेल्यानंतरच्या काही अर्जांवर नुसतंच ‘मा. आमदार, कसबा पेठ’. पुढे नाव नाही, तेवढी जागा मोकळी सोडलेली.

ती मोकळी जागा पोटनिवडणुकीने भरली. भाजपने गिरीश बापटांना उभं केलं, पण निवडून आले काँग्रेसचे वसंत थोरात. म्हणजे ज्या मतदारांनी वर्षभरापूर्वी भाजपचा आमदार दिला आणि नुकताच भाजपचा खासदार दिला, त्यांनीच मधे थांबून वेगळं सांगितलं. का, याची कारणं त्या वेळच्या बाकड्यावर पुष्कळ चघळली गेली असतील. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की त्यांना सांगायची संधी मिळाली.

१९९५ला बापट निवडून आले आणि मग १९९९, २००४, २००९, २०१४. चोवीस वर्षं ‘प्रति’च्या पुढे एकच नाव. वडिलांचे उतारवयातले अर्ज आणि माझे पहिले संगणकावरचे अर्ज, दोन्ही बापटांच्याच नावाचे. टेल्कोतला हा कामगार आणीबाणीत तुरुंगात गेला, १९८३ला नगरसेवक झाला, पुढे आमदार, मंत्री आणि २०१९ला खासदार. आमच्या फायलीत त्यांच्या नावामागची पदं बदलत गेली, माणूस तोच राहिला.

या चोवीस वर्षांमुळे कसब्याला ‘बालेकिल्ला’ म्हणायची सवय लागली. मला तो शब्द पटत नाही. २००९ला मनसेच्या रवींद्र धंगेकरांनी बापटांना चांगलंच झुंजवलं, फरक आठ हजारांच्या आसपास होता. २०१४ला सगळे पक्ष वेगवेगळे लढले तेव्हा तोच फरक ४२ हजारांवर गेला, समोर काँग्रेसचे रोहित टिळक होते. २०१९ला मुक्ताताई टिळक २८ हजारांहून अधिक मतांनी आल्या. एकाच पेठांमधली माणसं, दर वेळी वेगळा हिशेब. तांबट आळीत ज्याचे हात तांब्याने काळे होतात तो, नारायण पेठेत पेन्शनीवर राहणारे काका, रविवार पेठेतला व्यापारी आणि लोहियानगरमधली घरकाम करणारी बाई एकाच यंत्रावर बटण दाबतात. किल्ला म्हटलं की आतली माणसं गृहीत धरली जातात. आम्ही तसे नाही, १९८५ला नव्हतो आणि १९९१ला नव्हतो. २०२३ला ते सगळ्या राज्याने पाहिलं.

मुक्ताताईंविषयी थोडं सविस्तर लिहिते. त्या नगरसेविका होत्या, २०१७ला महापौर झाल्या आणि २०१९ला आमदार. आमदार असतानाच कर्करोगाने गाठलं. जून २०२२मध्ये राज्यसभेची आणि दहा दिवसांनी विधान परिषदेची निवडणूक होती, एकेका मताला किंमत होती. मुक्ताताई दोन्ही वेळा पुण्याहून रुग्णवाहिकेने मुंबईला गेल्या आणि मतदान करून आल्या. चिंचवडचे लक्ष्मण जगतापही तसेच गेले. त्यांच्या पक्षाचं राजकारण कुणाला पटो वा न पटो, आमच्या दुकानासमोर त्या दिवशी जे बोलणं झालं त्यात पक्ष नव्हता. एका मताची जागा रिकामी राहू नये म्हणून इतकं आजारी माणूस चारेक तासांचा घाट उतरून जातं, हे सगळ्यांना लागलं होतं. २२ डिसेंबर २०२२ला मुक्ताताई गेल्या. ३ जानेवारीला जगताप गेले.

आणि इथे, महोदय, मला आपले मनापासून आभार मानायचे आहेत. मुक्ताताई गेल्यानंतर महिन्याभराच्या आत, १८ जानेवारीला, आपण पोटनिवडणूक जाहीर केली. आधी २७ फेब्रुवारी तारीख दिली होती. ती बारावीच्या परीक्षेशी टक्कर घेते असं लक्षात आल्यावर २६ केलीत. रविवार होता. जागा रिकामी झाल्यापासून सहासष्टाव्या दिवशी आम्ही मतदान केलं, सत्तराव्या दिवशी निकाल लागला. इतकं चोख काम.

त्या रविवारचं एक दृश्य सांगते. आमच्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर माई राहायच्या, वय सत्त्याऐंशी. ऐंशीच्या वरच्यांना घरून मतदान करण्याची सोय आपण दिली होती आणि त्यांचा फॉर्म मीच भरणार होते, पण माईंनी तो परत केला. वाड्याचा जिना उभा, लाकडी, आधाराला दोर. चार पोरांनी माईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, खुर्चीचे पाय धरले आणि एकेक पायरी मोजत खाली आणलं. मधल्या वळणावर खुर्ची तिरकी झाली तेव्हा माईंनी दोर घट्ट धरला आणि म्हणाल्या, ‘पडले तर मतदान करून पडेन, आधी नाही.’ पहिलं मत त्यांनी १९५७ला दिलं होतं. संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं, पुण्याने नानासाहेब गोऱ्यांना लोकसभेत पाठवलं ते वर्ष. तेव्हा कागदावर शिक्का मारायची पद्धत नव्हती, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. झोपडीचं चित्र असलेल्या पेटीत कागद टाकल्याचं माई नेहमी सांगायच्या. शाळेच्या केंद्रावरून परत आल्यावर त्यांनी शाईचं बोट पदराला लागू नये म्हणून संध्याकाळपर्यंत उंच धरून ठेवलं होतं.

त्या निवडणुकीत प्रचारही कसून झाला. धंगेकर काँग्रेसचे, समोर भाजपचे हेमंत रासने, महापालिकेच्या स्थायी समितीचे माजी अध्यक्ष. मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, दोन्ही बाजूंचे मोठे नेते आमच्या बोळांतून फिरले. ‘हू इज धंगेकर?’ हा चंद्रकांत पाटलांचा प्रश्न घरोघर गेला. बापट तेव्हा फार आजारी होते, तरी केसरी वाड्यातल्या मेळाव्याला व्हीलचेअरवर, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून आले. कुणाला ते पाहून भरून आलं, कुणाला त्यांना या अवस्थेत आणल्याचा राग आला. मला दोन्ही वाटलं. मतदान ५० टक्क्यांच्या आसपास झालं, म्हणजे पावणेतीन लाखांतले निम्मे घरीच राहिले, आणि ते दुखणं आमचं आहे, आपलं नाही. धंगेकर दहा हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. १९९१प्रमाणेच मधल्या निवडणुकीत कसब्याने आपलं वेगळं म्हणणं नोंदवलं. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये हेच दोघं पुन्हा समोरासमोर आले तेव्हा रासने १९,४२३ मतांनी जिंकले. पुढे धंगेकर शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. एकवीस महिन्यांत मतदाराने एकाला बसवलं, उठवलं, दुसऱ्याला बसवलं. हेच आपल्या आयोगाचं मोल आहे, महोदय. आपण दार उघडता म्हणून आम्हाला आत जाऊन बोलता येतं.

पण एक दार आपण उघडलं नाही.

२९ मार्च २०२३ला गिरीश बापट गेले. ते पुण्याचे खासदार होते. लोकसभेची मुदत १६ जून २०२४पर्यंत होती, म्हणजे एक वर्ष आणि अडीच महिन्यांहून जास्त काळ शिल्लक. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम १५१अ मी आता तोंडपाठ म्हणू शकते, कारण त्याच्या किती झेरॉक्स काढल्या याची गणती नाही. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक. अपवाद दोनच. उरलेली मुदत वर्षाहून कमी असली तर, किंवा त्या काळात निवडणूक घेणं कठीण आहे असं आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं तर.

पहिला अपवाद आम्हाला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. मे २०१९मध्ये बापट खासदार झाले तेव्हा कसब्याची आमदारकी रिकामी झाली होती. विधानसभा निवडणूक ऑक्टोबरवर आलेली. चार-पाच महिन्यांसाठी कुणी पोटनिवडणूक मागितली नाही, आमच्या बाकड्यावरसुद्धा नाही. कुठे ताणायचं आणि कुठे नाही हे लोकांना कळतं.

मार्च २०२३ची गोष्ट वेगळी होती. सहा महिन्यांचा हिशेब २९ सप्टेंबरला पुरा होत होता. तोवर निवडणूक झाली असती तर नव्या खासदाराला आठ महिन्यांहून जास्त काळ मिळाला असता. आपण ऑगस्टमध्ये दुसऱ्या अपवादाचं प्रमाणपत्र काढलं. आयोग इतर निवडणुकांत आणि २०२४च्या तयारीत गुंतलेला आहे आणि निवडून येणाऱ्याला काळ थोडाच मिळेल, अशी कारणं पुढे आली. माझ्यासारखीला ते प्रमाणपत्र असल्याचंसुद्धा पुढे कोर्टाच्या बातम्यांतून कळलं.

त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात काय झालं ते आपल्याच नोंदीत आहे. केरळमध्ये पुथुपल्लीचे आमदार ओमन चांडी १८ जुलै २०२३ला वारले आणि ५ सप्टेंबरला तिथे मतदान झालं, एकोणपन्नासाव्या दिवशी. त्याच दिवशी देशात इतर सहा विधानसभा जागांवरही मतदान झालं. यंत्रणा होती, माणसं होती. आमच्या राज्यात मात्र पुण्याबरोबर चंद्रपूरचीही लोकसभेची जागा रिकामीच राहिली. तिथले बाळू धानोरकर ३० मे २०२३ला गेले, म्हणजे तिथेही वर्षाहून थोडा जास्त काळ उरला होता. पुण्याची जागा भाजपची, चंद्रपूरची काँग्रेसची. म्हणून मी यात पक्षाचा डाव शोधत नाही आणि कुणी शोधला तर त्यालाही मी हेच दाखवते. मला दिसतं ते इतकंच, की मतदाराचं नसणं कुणाला टोचलं नाही.

पुण्यातल्याच एका नागरिकाने उच्च न्यायालयात दाद मागितली. १३ डिसेंबर २०२३ला मुंबई उच्च न्यायालयाने आपलं प्रमाणपत्र रद्द केलं आणि निवडणूक ताबडतोब घ्या असं सांगितलं. लोकांना प्रतिनिधीविना ठेवता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. आपण सर्वोच्च न्यायालयात गेलात. जानेवारीत स्थगिती मिळाली. मार्चमध्ये सार्वत्रिक निवडणुकीची आचारसंहिता लागली. ४ जून २०२४ला मुरलीधर मोहोळ निवडून आले, पराभूत उमेदवार धंगेकर. २९ मार्च २०२३ ते ४ जून २०२४, मी कॅलेंडरवर मोजले, ४३३ दिवस.

आता ते ४३३ दिवस दुकानाच्या काउंटरवरून कसे दिसले ते सांगते.

शनिवारवाडा आमच्या डोक्यावर आहे. अभिमान आहेच. पण तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक असल्यामुळे त्याच्या सभोवती शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगीशिवाय वीट हलवता येत नाही. कायदा संसदेचा. त्या वर्तुळात शेकडो जुने वाडे आहेत, कुणाची तुळई वाळवीने पोखरलेली, कुणाची माडी एका बाजूला कललेली. मालकाला पाडून बांधता येत नाही, भाडेकरूला सोडून जाता येत नाही, पावसाळ्यात दोघंही छताकडे बघत झोपतात. या प्रश्नावर आमदार विधानसभेत बोलू शकतो, महापालिका पत्र देऊ शकते, पण कायदा बदला म्हणून उभं राहून बोलायची जागा लोकसभा. जून २०२३मध्ये अशाच एका वाड्यातले अकरा बिऱ्हाडांचे प्रमुख माझ्याकडे आले. सगळ्यांच्या सह्या, दोघांचे अंगठे, भिंतीला पडलेल्या चिरेचे फोटो. मजकूर लिहून झाला. ‘प्रति, मा. खासदार, पुणे’ इथपर्यंत आले आणि थांबले. त्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्यांनी विचारलं, ‘ताई, नाव?’ मी म्हटलं, ‘काका, नाव नाहीये.’ ते म्हणाले, ‘मग जागा ठेवा. कुणीतरी येईल तेव्हा हाताने लिहू.’ मी जागा ठेवली. माझ्या वडिलांनी १९९१ला ठेवली होती तशी.

त्याच महिन्यात एक आजोबा नातवाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पंतप्रधान निधीकडे अर्ज करायला आले. खासदाराचं पत्र जोडलं तर बरं पडतं, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. पुण्यात खासदार नाही हे त्यांना माझ्याकडून कळलं. त्यांचा चेहरा मला आठवतो, कारण आधी त्यांना वाटलं मी टाळतेय. शेवटी राज्यसभेच्या एका सदस्यांच्या कार्यालयातून पत्र मिळालं, तेही तीन हेलपाट्यांनी. पोरगं आता शाळेत जातं. पण ज्यांना राज्यसभा म्हणजे काय, तिथला सदस्य कुठे भेटतो, हे सांगणारं दुकान सापडलं नाही त्यांचं काय झालं असेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

आणि दिल्लीत त्या काळात काय काय झालं? सप्टेंबर २०२३मध्ये नव्या संसद भवनात महिला आरक्षणाचं विधेयक आलं. २० सप्टेंबरला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ अशा मतांनी संमत झालं. दुकानात बसून मी ते मोबाइलवर पाहिलं. त्या ४५४मध्ये पुण्याचं मत नाही. ज्या शहरात सावित्रीबाईंनी मुलींसाठी शाळा काढली, ज्या मतदारसंघाची आमदार मरणाच्या दारातून एक मत द्यायला मुंबईला गेली, त्या शहराचं मत नाही. डिसेंबरमध्ये भारतीय दंड संहितेच्या जागी नवे कायदे आले, तेव्हाही नाही. एका मताने निकाल बदलला नसता हे मला कळतं. मुक्ताताईंनाही कुणी तसं म्हणू शकलं असतं.

महापालिकेचा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही, तो राज्य निवडणूक आयोगाचा. पण मतदार एकच असतो, त्याच्या घरात वेगवेगळे आयोग नसतात, म्हणून लिहिते. पुणे महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ला संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतले बदल, न्यायालयातल्या तारखा यांत सगळं अडकलं आणि मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ला. तीन वर्षं दहा महिने प्रशासकाचा कारभार. राज्यघटनेचं कलम २४३यू सांगतं की मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक पुरी व्हायला हवी. म्हणजे २९ मार्च २०२३पासून पुढचे ४३३ दिवस कसब्याच्या मतदाराला नगरसेवक नव्हता आणि खासदारही नव्हता. आमदार तेवढा होता, आणि तोही आपण सहासष्ट दिवसांत निवडणूक घेतली म्हणून.

आमच्या प्रभागातले माजी नगरसेवक संध्याकाळी ऑफिस उघडून बसायचे, लोकांचं ऐकून घ्यायचे, फोन करायचे. पण आधार कार्डावरचा पत्ता बदलायला जो दाखला लागतो त्यावर नगरसेवकाची सही-शिक्का चालतो, माजी नगरसेवकाचा चालत नाही. एका बाईंना घेऊन मी स्वतः त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी टेबलाचा खण उघडून शिक्का काढून दाखवला. स्टॅम्प पॅड वाळून टणक झालं होतं. ‘मारून देतो हो ताई, पण तुमचा फॉर्म परत येईल,’ म्हणाले. खरं बोलले म्हणून मला त्यांच्याविषयी आदर आहे.

अजून एक गोष्ट या काळात मनात पक्की झाली. बापट, मुक्ताताई, धंगेकर, रासने, मोहोळ, ही सगळी नावं महापालिकेतून वर आलेली. रस्त्यावरचं चेंबर तुंबलं की कुणाला फोन करायचा हे शिकून ही माणसं आमदार-खासदार झाली. चार वर्षं ती पायरीच काढून ठेवली तर पुढच्या पिढीचा आमदार कुठे शिकणार? विशेषतः पेठांमधल्या बायका, ज्यांच्या निम्म्या जागा तिथे राखीव असतात.

आता मागणं. फार मोठं नाही.

लोकसभेची किंवा विधानसभेची जागा रिकामी झाली की तीस दिवसांत आपण जाहीर सांगावं, निवडणूक अमुक महिन्यात घेत आहोत. घेणार नसाल तर का घेणार नाही, तेही त्याच दिवशी, त्या मतदारसंघाच्या भाषेत, तिथल्या वर्तमानपत्रांत यावं. प्रमाणपत्र काढायचं असेल तर ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागावं, आम्ही त्याची झेरॉक्स काढून लोकांना वाटू. ‘काळ थोडा उरतो’ हे कारण वर्षाहून अधिक मुदत शिल्लक असताना देऊ नये. कायद्याने थोडं म्हणजे किती हे आधीच ठरवून दिलं आहे, आणि उशीर झाल्यामुळे काळ थोडा उरला असेल तर तो दोष मतदाराच्या पदरात टाकू नये. ‘आम्ही इतर निवडणुकांत गुंतलो आहोत’ हेही कारण नको. निवडणुका घेणं हेच तर आपलं काम आहे, आणि ते आपण किती उत्तम करता हे आम्ही फेब्रुवारी २०२३मध्ये पाहिलं आहे.

खर्चाचा मुद्दा मला माहीत आहे. शाळांच्या शिक्षकांवर ताण पडतो, पोलिसांवर पडतो, हेही दिसतं. मी शिक्षकांच्या ड्युटीचे आदेश झेरॉक्स करते, त्यांची कुरकुर ऐकते, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी त्याच शिक्षिकांना पेट्या-पिशव्या सांभाळत बसमध्ये चढताना बघते. पुण्याच्या लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात, कसब्याखेरीज वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती आणि पुणे कॅन्टोन्मेंट. काम मोठं होतं यात शंका नाही. पण सहा मतदारसंघांची माणसं चौदा महिने विनाप्रतिनिधी ठेवणं याचाही खर्च असतो. तो कुठल्या अंदाजपत्रकात दिसत नाही, माझ्या काउंटरवर दिसतो.

हे पत्र मी टपालाने पाठवते आहे आणि लोकांना वाचता यावं म्हणून खुलंही ठेवते आहे. उत्तर आलं तर दुकानाच्या काचेवर लावेन.

आपली विश्वासू,
कसबा पेठेतली एक मतदार

सोबत:
१. १९९१ सालचा एक अर्ज, कार्बन प्रतीची झेरॉक्स. ‘प्रति, मा. आमदार, कसबा पेठ’, पुढे जागा मोकळी.
२. जून २०२३चा अकरा बिऱ्हाडांचा अर्ज, नावं झाकून. ‘प्रति, मा. खासदार, पुणे’, पुढे जागा मोकळी. जुलै २०२४मध्ये तीत निळ्या शाईने, वडीलधाऱ्या काकांच्या थरथरत्या अक्षरात नाव भरलेलं आहे.